हा खेळ मुलांसाठी आहे का?

प्रश्न एका ओळीचा होता: ‘तुमचा खेळ लहान मुलांसाठी आहे का?’ खाली दोनच चौकोन, ‘होय’ आणि ‘नाही’. आसिफ सकाळपासून त्या चौकोनांपुढं बसून होता. संध्याकाळपर्यंत उत्तर गेलं नाही, तर ॲप स्टोअरवाले त्याचा गेम उतरवणार होते.

गेम तसा साधा. एक शेळी. तिला चारा घालायचा, पाणी पाजायचं, लांडग्यापासून राखायचं. एक दिवस चुकला की शेळी वाळते. पुण्यातली नोकरी सोडून, लातूरच्या घरी वरच्या खोलीत बसून त्यानं एकट्यानं तो बनवला होता. ‘नाही’ म्हटलं, तर सगळं आहे तसं चालणार. खेळणारा कुठं राहतो, फोनवर काय शोधतो, हे जाहिरातवाल्यांना कळत राहणार आणि त्यांच्या जाहिरातींवर आसिफचं घर चालणार. ‘होय’ म्हटलं, तर माहिती घेणं बंद, त्या जाहिराती बंद, आणि मग गेमला घरघर लागणार.

शेळीचे डोळे टपोरे, गळ्यात घुंगरू. कुणीही म्हणावं, पोरांचाच खेळ. पण त्याच्याकडची नोंद सांगत होती की खेळणाऱ्या बहुतेक बायका आहेत आणि त्याही चाळिशीच्या पुढच्या. शेळीकडं बघावं तर होय, नोंदीकडं बघावं तर नाही. बिचाऱ्याचं डोकं चालेना.

“इत्ता क्या सोचरा?” त्याची आई वहिदाबी म्हणाली. “नीचे कस्तुराबाई को पूछ ना. दिनभर वोइच खेलती.”

खालच्या खोल्या भाड्यानं दिलेल्या. प्रत्येक खोलीत एक आई आणि क्लाससाठी आलेलं तिचं पोरगं. शेत, नवरा, जनावरं गावाकडं सोडून या बाया लातुरात येतात, पोराला गरम भाकरी करून घालतात आणि ते डॉक्टर व्हायची वाट बघतात. कस्तुराबाई चाकूरकडच्या. दारात बसून, मोबाइल पार नाकाशी धरून शेळीला चारा घालत होत्या.

आसिफला हायसं वाटलं. पंचेचाळिशीची बाई डोळ्यांदेखत खेळते आहे, आणखी काय पाहिजे?

“मावशी, आवडतो का गेम?”

“कशाचं आवडतंय, भाऊ? गावाकडं शेळ्या राखून जीव विटला, आन इथं येऊन हीबी राखायची.”

“मग खेळता कशाला?”

“सत्यमची हाय ती. त्याला अभ्यासातनं येळ न्हाई. दिवस चुकला की वाळती म्हणून मी बघते. ह्या गल्लीतल्या सगळ्या बाया तेच करतेत.”

झालं! खेळणारी आई, आणि खेळ पोराचा. आता होय म्हणावं की नाही? बरं, सत्यम सतरा वर्षांचा. कायद्यानं लहान मूल, आणि गल्लीच्या मतानं अर्धा डॉक्टर. आसिफ जास्तच गोंधळला.

तेवढ्यात सत्यम जेवायला आला. मिसरूड फुटलेलं, डोळे जागरणानं लाल.

“आई, दे की दोन मिनटं. शेळी बघतो.”

“जेव आधी.”

“जेवता जेवता बघतो.”

“न्हाई म्हणलं ना! चांगली हाय तुजी शेळी.” त्यांनी मोबाइल पदराखाली घेतला. सत्यम मुकाट्यानं जेवला, हात धुतले आणि पुन्हा क्लासला निघून गेला.

आसिफला वाईट वाटलं. “एवढं बघू द्यायचं होतं, मावशी. दोन मिनिटांनी काय बिघडतं?”

पोरगं कोपऱ्यावरून वळेपर्यंत कस्तुराबाई त्याच्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी मोबाइल बाहेर काढला. “हे बघा.”

शेळी पाणी प्यायली आणि मध्येच जाहिरात आली. पांढरा कोट घातलेली एक मुलगी हसत होती. ‘यंदा जमलं नाही? खचू नका! रिपीटर बॅच सुरू.’

“रोज येऊलालीय,” कस्तुराबाई हळू आवाजात म्हणाल्या. “परीक्षा अजून व्हायचीय, भाऊ. पोरगं क्लासमधी मागं पडलंय, हे मी त्याच्या बापालाबी सांगितलं न्हाई. मंग ह्याला कसं कळलं? सत्यमनं हे बघितलं तर डोक्यात काय घेऊन बसंल, म्हणून मी फोनच देत न्हाई त्याला.”

कसं कळलं ते आसिफला ठाऊक होतं. शहर लातूर, गल्ली क्लासची, आणि कधीतरी रात्री सत्यमनंच या फोनवर भीत भीत शोधलेलं काहीतरी. ते सगळं टिपायला दार आसिफनंच उघडं ठेवलं होतं. त्याला मनापासून लाज वाटली.

“मावशी, त्या जाहिराती सगळ्यांनाच येतात,” तो कसाबसा म्हणाला.

“सगळ्यांना कुठं? शेजारच्या उमाबाईच्या फोनात न्हाई येत. तिची पोरगी हुशार हाय.” कस्तुराबाई जवळ सरकल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. “तुम्ही केलाय ह्यो गेम. तुम्हाला दिसत असंल सगळं. खरं सांगा, मी कुणाला बोलणार न्हाई. सत्यमचा नंबर लागणार न्हाई का?”

आसिफनं खिशातून स्वतःचा फोन काढला, सकाळपासून अडलेला प्रश्न उघडला आणि पुढचा विचार मनात यायच्या आत ‘होय’ दाबून टाकलं.

“मावशी, आता ती जाहिरात येणार नाही,” तो म्हणाला. “दोन-चार दिवसांत बंद होईल.”

“खरंच?”

“खरंच. मीच बंद केली.”

कस्तुराबाईंनी दोन्ही हातांनी मोबाइल छातीशी धरला. कितीतरी दिवसांनी त्या हसल्या असाव्यात.

“मंजे लागंल नंबर?”