वरिष्ठांचा अभिप्राय

"लिहून आणलंत ना? मग वाचा," पाटणकर साहेब म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. "माझा चष्मा खोक्यात गेलाय."

खोकी दारापाशी एकावर एक रचलेली होती. साहेबांची पुण्याला बदली झाली होती आणि न्यायला गाडी अर्ध्या तासात येणार होती. त्यांचं मन मात्र बदलीचा अर्ज केला त्याच दिवशी पुण्यात रुजू झालं होतं. शिपाई धनाजी तर येईल त्याला सांगायचा, "सायेब कवाच गेल्यात. शर्ट तेवढा हाय खुर्चीत."

कोयनेच्या वरच्या अंगाला, घाटमाथ्यावर पाऊस मोजायची ही एवढीशी कचेरी. मे महिन्यात तिथं काम ते काय असणार? ज्ञानदा सकाळी साडेआठला पर्जन्यमापकापाशी जायची, कोरडं भांडं बघायची आणि वहीत 'निरंक' लिहायची. मग दिवसभर करवंदीच्या जाळ्यांवरून ऊन सरकताना बघत बसायचं. दुपारी सगळी टेकडीच पेंगायला लागे, आणि तिच्याबरोबर कचेरीही.

हाताखालच्या माणसाने वर्षभर काय केलं, याचा गोपनीय अहवाल साहेबाने लिहायचा असतो. पाटणकर साहेबांनी चौघांचे कोरे फॉर्म दोन दिवसांपूर्वी ज्ञानदाच्या पुढ्यात सरकवले होते. "तुम्हीच लिहा हो मॅडम. मी सही ठोकतो." त्यातला चौथा फॉर्म तिचा स्वतःचाच होता, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

तीन अहवाल झपाट्याने झाले. चौथ्यावर पेन अडलं. स्वतःची आरती स्वतः कशी ओवाळायची? शेवटी तिने मनातल्या मनात एक साहेब उभा केला. हे पाटणकर नव्हेत, दुसराच कुणीतरी. भर पावसात टेकडी चढून येणारा, "आज किती पडला, ज्ञानदा?" असं नाव घेऊन विचारणारा, आकडा ऐकल्यावर वर आभाळाकडे बघणारा. त्याला सगळं माहीत होतं. तो सांगत गेला, ती लिहीत गेली. दोन दिवस तिने त्या साहेबाच्या हाताखाली काम केलं, आणि खोटं कशाला बोला, नोकरीतले तिचे सगळ्यांत सुखाचे दिवस तेच.

आता ते सगळं खऱ्या साहेबांना वाचून दाखवायचं होतं. सही ते न ऐकताही करतील, हे तिला पक्कं ठाऊक होतं. सहीसाठी तिचा जीव अडलाच नव्हता. तीन वर्षांत एकदा, जाता जाता का होईना, ह्या माणसाने आपण काय केलं ते ऐकावं, एवढ्यासाठी ती आसुसली होती.

पहिले तीन अहवाल तिने नावानिशी वाचले. साहेब डोळे मिटूनच "हं, पुढं" म्हणत राहिले. चौथ्याला स्वतःचं नाव काही तिच्या तोंडून निघेना. ती थेट अभिप्रायाच्या रकान्यावर आली.

"सदर कर्मचारी अबोल आहेत. गेल्या ऑगस्टमध्ये चार दिवस वीज नव्हती, फोन बंद होते. यांनी एकाही तासाचा आकडा चुकवला नाही. रस्त्यावर दरड आली तेव्हा आकड्यांचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, चालत घाट उतरून खाली नेऊन दिला. त्यामुळे सांगलीत नदीकाठच्या लोकांना सामान माळ्यावर चढवायला अर्धा दिवस जास्त मिळाला."

'हं' आला नाही. तिने मान वर केली. साहेबांचे डोळे उघडे होते.

"तेव्हा मी कुठं होतो?"

"रजेवर, साहेब."

"बरं. वाचा पुढं."

"दोष," ज्ञानदाने वाचलं. "कामाच्या वेळी खिडकीतून बाहेर बघत बसतात. पण पाऊस मोजणाऱ्याने आभाळाकडे बघायचं नाही, तर कुणी बघायचं?"

पाटणकर साहेब चक्क हसले. मग सरळ बसले, पाय चपलांत घातले, कागद मागून घेतला. तिने बोट ठेवलं तिथं त्यांनी सावकाश, सगळी अक्षरं काढून सही केली. तीन वर्षांत पहिल्यांदाच ते त्या खोलीत आले होते.

"मॅडम, असा माणूस आपल्याकडे होता, आणि मला पत्ता नाही?" ते खरोखरच हळहळले. "गाडी यायला वेळ आहे अजून. बोलवा त्यांना. जायच्या आधी हात तरी मिळवतो."

ज्ञानदाने कागद परत घेतला. मीच ती, एवढं म्हटलं की झालं. शब्द ओठांपर्यंत आलेही. पण साहेब केवढ्या आदराने बघत होते, तिच्या खांद्यावरून, दाराकडे. आणि त्या कागदातली बाई आता तिलाही आपल्यापेक्षा कितीतरी मोठी वाटायला लागली होती.

"बोलावते," ती म्हणाली.

ती व्हरांड्यात आली. उन्हं कलली होती आणि टेकडीवर चिटपाखरू नव्हतं. खोकी उचलायला निघालेला धनाजी तिला बघून थबकला.

"कुनाला हुडकताय, मॅडम?"

ज्ञानदाने डोळ्यांवर हात आडवा धरला. आधी पायवाटेकडे बघितलं, मग घाटाच्या रस्त्याकडे. दोन्हीकडे तिने अगदी नीट, शेवटच्या वळणापर्यंत बघितलं.