पायरीवरची मुलगी

ओर्लीना दार ढकलून वर्गात शिरली तेव्हा समोरच्या पडद्यावर तीच होती. सात वर्षांची. घराच्या लाकडी पायरीवर अनवाणी बसलेली, गालांवर मातीचे ओघळ, केसांच्या जटा. फोटोखाली एकच शब्द होता: भूक.

"काही काम होतं का, बाई?" व्हिटलॉक सरांनी विचारलं. तरुण माणूस, याच वर्षी ओहायोहून इथे शिकवायला आलेला.

"होतं. ती मी आहे," ओर्लीना पडद्याकडे बोट दाखवून म्हणाली.

पोरांनी पडद्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा पडद्याकडे. खिडकीजवळच्या बाकावर तिची नात डेलेनी पुस्तकात तोंड खुपसून बसली होती. ती वर बघत नव्हती.

काल संध्याकाळी डेलेनी म्हणाली होती, "आजी, उद्यापासून मला घ्यायला शाळेत येऊ नकोस." का, म्हणून विचारलं तर तिने पुस्तकच पुढे टाकलं. 'केंटकीच्या डोंगरातली गरिबी' नावाचा धडा, आणि पानभर तो फोटो. वर्गातली पोरं त्याला बघून हसली होती. 'उकिरड्यावरची राणी' म्हणाली होती. फोटोतली मुलगी कोण ते ठाऊक असूनही डेलेनीही त्यांच्यात हसली होती. हे सांगताना मात्र तिला रडू फुटलं.

ओर्लीनाने तिचे डोळे पुसले. सकाळी उठली, चर्चला जायचा निळा कोट चढवला आणि सरळ शाळेत आली.

"मग तुम्हीच सांगा ना मुलांना," व्हिटलॉक सर जरा गोंधळून म्हणाले आणि बाजूला झाले.

ती पडद्याशी जाऊन उभी राहिली. "हा फोटो इथे संपतो," तिने फोटोच्या कडेवर हात ठेवला. "इथून पुढे आमचा घेवड्याचा वाफा होता. त्याच्या पलीकडे ओढा. दोरीवर आईने धुतलेल्या चादरी वाळत होत्या, पांढऱ्याशुभ्र. माझे दोन भाऊ या खांबामागे आहेत. ते हसत होते, म्हणून फोटो काढायला आलेल्या माणसाने त्यांना बाजूला व्हायला सांगितलं. मी दिवसभर ओढ्यात खेकडे धरत होते, म्हणून तोंड असं. आई ओला फडका घेऊन माझं तोंड पुसायला धावली, तर तो माणूस म्हणाला, 'राहू द्या बाई, असंच छान आहे.'"

एक पोरगा फिसकन हसला. या वेळी हसू तिच्यावर नव्हतं.

मग तिने पुढचंही सांगितलं. फोटो न्यूयॉर्कच्या मासिकात आला आणि घरी खोकी यायला लागली. जुने कपडे, एका पायाचे बूट, अनोळखी लोकांची दया. कुणीतरी छापून आणलं की असल्या आईकडून पोर काढून घ्यायला हवी. काउंटीच्या कचेरीतून एक बाई आली आणि स्वयंपाकघरातला डबा न् डबा उघडून बघून गेली. आई शेजारी उभी होती. ती एक शब्द बोलली नाही. पुढे कुणी फोटोचा विषय काढला की ती एवढंच म्हणायची, माझी पोरं कधी उपाशी राहिली नाहीत. मरेपर्यंत तेच म्हणाली, आणि मरेपर्यंत कुणाला ते पटलं नाही.

व्हिटलॉक सर हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या आईचा मला आदर आहे. पण हे डोळे बघा. हे काही नाटक नाही. एवढ्याशा पोरीला असं नाटक जमणार नाही."

ओर्लीनाकडे याचं उत्तर होतं, पण ते आईने कधी घराबाहेर जाऊ दिलं नव्हतं.

तेवढ्यात खिडकीजवळचं बाक करकरलं. डेलेनी उभी राहिली होती. कान लालबुंद, पण मान वर.

"आजी," ती सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुला खरंच भूक लागली होती का गं?"

सगळी डोकी गर्रकन तिच्याकडे वळली. डेलेनी बसली नाही.

'नाही' म्हणायचं ठरवूनच ओर्लीना घरून निघाली होती. आईचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, एवढंच तिच्या मनात होतं. पण उभ्या राहिलेल्या नातीला खोटं कसं सांगायचं? तिने कोटाची वरची गुंडी सोडली आणि श्वास घेतला.

"हो," ती म्हणाली. "जीव कासावीस झाला होता भुकेने."

व्हिटलॉक सरांनी खाली बघितलं.

"आईने मला बजावलं होतं, घरी आलेल्या माणसाने काय खाल्लं ते चारचौघांत बोलायचं नसतं. तिने ते पाळलं, मीही आजवर पाळलं. आता पुरे. पाहुणा आला म्हणून आईने अंडी देणारी कोंबडी कापली होती. आमच्याकडे पाहुणा आधी जेवायचा, पोरं मागून. तो ओसरीवर ताट घेऊन बसला. एकदा वाढलं, दोनदा वाढलं. आई हसतमुखाने वाढत होती. मी पायरीवर बसून पातेल्याचा तळ दिसायची वाट बघत होते, आणि तो दिसला. शेवटचा तुकडाही त्याने खाल्ला. मग हात पुसले, कॅमेरा उचलला आणि मला म्हणाला, 'हलू नकोस बाळ, अशीच बघत राहा.'"