कामावर हजर

गेटवर कुंताला आधी चपला काढायला लावल्या, मग पाहुण्यांसाठी ठेवलेले जाड बूट दिले आणि डोक्यावर हेल्मेट चढवलं. चपला घालून आत जाणं धोक्याचं असतं, हे गेटवरच्या माणसाने तिला नीट समजावून सांगितलं. तिचा नवरा देवानंद मोडका पाय घेऊन आतच बसला होता, त्यात मात्र कुणाला धोका दिसत नव्हता.

कोरपन्याजवळच्या या सिमेंट कारखान्यात गोण्यांची थप्पी त्याच्या पायावर कोसळली. पायाला प्लास्टर घातलं आणि दुसऱ्याच दिवसापासून ठेकेदाराची जीप सकाळी घरासमोर येऊन उभी राहू लागली. त्याला उचलून जीपमध्ये घालायचं, सेफ्टी ऑफिसातल्या खुर्चीत आणून बसवायचं आणि पाळी सुटली की घरी टाकायचं. काम काहीच नाही, नुसतं पंख्याखाली बसायचं. नशीब काढलंस लेका, म्हणून गावातल्यांनी त्याची चेष्टाही केली.

आज सकाळी प्लास्टरबाहेरची बोटं काळी पडलेली कुंताने पाहिली. चंद्रपूरच्या डॉक्टरने फोनवर सांगितलं, ताबडतोब आणा, नाहीतर पाय कापावा लागेल. जीपवाल्यांनी तरी संध्याकाळी बघू म्हणत त्याला नेलंच, म्हणून ती मागोमाग आली.

सुपरवायझर सुरेंद्र त्यांच्याच गावचा. तिला बाजूला घेऊन तो हात जोडायला लागला. कंपनीच्या वार्षिक अहवालासाठी मुंबईहून माणसं आली होती. त्या अहवालात झाडं, पाणी, सौरऊर्जा यांच्यासोबत कामगारांच्या सुरक्षेचंही एक पान असतं. अपघातामुळे इथल्या एकाही कामगाराचा एकही दिवस बुडला नाही, असं त्या पानावर छापायचं होतं.

"मी यायले घेऊन जातो," कुंता म्हणाली. "पाय काळा पडून राह्यला, भाऊ."

"घरी नेला त तो जखमी होते, वहिनी. इथी हाय तोवर तो कामावर हाय."

त्याच्या कानाखाली वाजवावी असं तिला वाटलं. पण सुरेंद्रची नोकरीही त्याच ठेकेदाराच्या हातात होती आणि त्याचं तोंड तिच्यापेक्षा उतरलेलं होतं.

तेवढ्यात भोंगा वाजला. सुरक्षेची प्रतिज्ञा घ्यायला सगळे मैदानात रांगेने उभे राहिले. फोटो निघणार होता, त्यात खुर्ची दिसणं बरं नव्हतं. दोन कामगारांनी देवानंदला काखेत हात घालून मधल्या रांगेत उभं केलं. एवढी प्रतिज्ञा होऊ दे, लगेच चंद्रपूरला गाडी देतो, असं सुरेंद्रने पोराची शपथ घेऊन सांगितलं. कुंता थांबली.

कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी माइक हातात घेतला आणि सगळ्यांना उजवा हात पुढे करायला सांगितलं.

सगळ्यांनी केला. देवानंदला धरलेल्या दोघांनीही सवयीने केला.

तो मोडक्या पायावरच खाली आला आणि ओरडला. कुंता ते अवजड बूट फरफटवत रांगेतून धावली. सहकाऱ्यांच्या जिवाची काळजी घेईन, हे वाक्य तेव्हा सगळे एका आवाजात म्हणत होते.

माइकवर हात ठेवून साहेबांनी विचारलं, कोण पडलं?

"पडलं नाई कोनी, साहेब," सुरेंद्र म्हणाला. "बसला तो."