विवेकाचा कारभार

घंगाळातलं घटिकापात्र बुडत आलं होतं. ते बुडालं की लेकीच्या लग्नाचा मुहूर्त, आणि व्याही तर रुसून जानवशावर जाऊन बसलेले.

व्याह्यांनी रुसायचं, वधूपित्यानं हात जोडायचे, ही रीतच. त्र्यंबकशास्त्र्यांनी मात्र हात जोडण्याऐवजी त्यांना भर मांडवात 'रेडा' म्हटलं.

"परवाच आर्या रचलीत ना?" भागीरथीबाई नवऱ्यावर कडाडल्या. "मन हे राज्य, विवेक राजा, क्रोध गडावर कैदेत! मग आज तो सुटला कसा?"

"फितुरी झाली," शास्त्रीबुवा गंभीरपणे म्हणाले.

"आणि राजा काय करत होता?"

"गादीवर होता की!"

कपाळावर हात मारून भागीरथीबाई साखरेची वाटी घेऊन जानवशावर निघाल्या. दारातच विहीणबाई भेटल्या, त्याही नवऱ्यापुढं टेकीला आलेल्या.

"तुमच्याकडं विवेक राज्य करत नाही का हो?" भागीरथीबाईंनी विचारलं.

"करतो की! पण राजा साताऱ्यात आणि कारभार पुण्यात, तशातली गत."

"आमच्याकडंही तेच. मग चला, कारभार बघू."

पात्र बुडालं तेव्हा नवरदेव पाटावर उभा होता. दोन्ही राजांना अक्षतांपुरतं बोलावून घेतलं.