जन्मभराची बंदी

“तुझी माफी तुझ्यापाशीच ठेव, पोरी,” आर्थर मेटकाफ म्हणाला आणि थर्मासातला चहा झाकणात ओतू लागला.

गिलियन बसथांब्यापुढे भिजत उभी होती. आत बाकावर नऊ म्हातारे दाटीवाटीने बसले होते. रस्त्यापलीकडे तिचा पब, ‘काळा मेंढा’, माश्या मारत होता. या नऊ जणांना तिच्या बापाने, वॉल्टरने, तिथून एकेक करून हाकललं होतं. तेव्हापासून ते रोज इथे येऊन बसत. थांब्यावर बस यायची बंद होऊन सहा वर्षं झाली होती, त्यामुळे त्यांना मध्येच उठावंही लागत नसे.

“आर्थरकाका, बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांची बंदी त्यांच्याबरोबर गेली.”

“वॉल्टर ‘जन्मभर’ म्हणाला होता. कुणाच्या जन्मभर? माझ्या. मी अजून आहे.”

“मीही आहे,” नॉर्मन म्हणाला. नॉर्मनची तब्येत पाहता हे सांगणं गरजेचं होतं.

वॉल्टरच्या नाकावर राग असे. बिअर आंबूस लागते म्हणाला म्हणून आर्थर बाहेर. आर्थरला हाकलताना हसला म्हणून नॉर्मन बाहेर. “चालता हो! जन्मभर!” ही आरोळी पार चर्चपर्यंत ऐकू जाई. त्या काळात पबमध्ये उभं राहायला जागा नसे. शेजारच्या गावांतून लोक मुद्दाम वॉल्टरच्या शिव्या खायला येत. पुढे वॉल्टर म्हातारा झाला, राग तेवढा तरुण राहिला, आणि हाकलता हाकलता गिऱ्हाइकंच संपली. पण बंदी कुणी मोडली नाही. वॉल्टरला पुरल्यावर सगळं गाव पबमध्ये खायला जमलं, तेव्हा हे नऊ जण खिडकीबाहेर पावसात उभे होते. गिलियनने सँडविचं खिडकीतून दिली. टोप्या काढून त्यांनी ती खाल्ली.

गिलियन लीड्सच्या हॉटेलात गोड बोलायला शिकून आली होती. तिने पबमध्ये उशा आणल्या, वासाच्या मेणबत्त्या लावल्या, तळलेल्या मासळीला पाटीवर दोन ओळींचं नाव दिलं. मंगळवारी योगासनं ठेवली. त्यांना चर्चच्या पाद्रीबाई तेवढ्या आल्या, आणि कंबर धरल्यामुळे पुन्हा आल्या नाहीत. ‘पब वाचवा’ या अर्जावर मात्र गावाने झाडून सह्या केल्या. सही करून जो तो आपापल्या घरी बिअर प्यायला गेला.

आता बिअर बनवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं होतं. बिअर कंपनीची, इमारतही कंपनीची. शुक्रवारी दुपारी त्यांचा माणूस पाहणीला येणार होता. पब चालता दिसला नाही तर पबला टाळं, आणि वरच्या दोन खोल्यांतलं गिलियनचं बिऱ्हाड रस्त्यावर. दुसरं घर तिला नव्हतं.

“निदान शुक्रवारी तासभर येऊन बसा,” ती काकुळतीला येऊन म्हणाली. “बिअर माझ्याकडून.”

“तुझा बाप असला गुळमुळीत कधीच बोलला नाही,” आर्थर म्हणाला, आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या नवव्याकडे बिस्किटाचा पुडा सरकवला.

शुक्रवारी पिम नावाचा एक चकचकीत बुटांचा तरुण आला. त्याने गिऱ्हाइकं मोजली नाहीत, कारण मोजायला कुणी नव्हतंच. खोली मोजली. “उजेड छान आहे,” तो म्हणाला. “सुट्टीत येणाऱ्यांसाठी तीन घरं आरामात निघतील.” गिलियनने त्याला केक दिला. चहा दिला. गाल दुखेपर्यंत हसली. पिम केक खात खिडकीपाशी गेला.

“समोरचे ते भिकारी तेवढे हटवायला हवेत. घेणाऱ्याच्या डोळ्यांत खुपतील.”

“भिकारी नाहीत ते. आमची गिऱ्हाइकं आहेत.”

“गिऱ्हाइकं? तिथे?” पिमला इतकं हसू आलं की केकचे कण काचेवर उडाले.

पुढचा आवाज आपल्याच गळ्यातून निघाला हे गिलियनला नंतरही पटलं नाही. “चालता हो! हसतोस कुणाला रे? बाहेर! जन्मभर!”

चर्चच्या मनोऱ्यावरचे कावळे उडाले. पिम मोजपट्टी तिथेच टाकून दाराकडे पळाला. उंबऱ्याबाहेर गेल्यावर त्याला धीर आला. “मंगळवारी कुलूप घेऊन येतो, बाई. सामान बांधून ठेवा.”

गिलियन मटकन एका उशीवर बसली आणि रडू लागली. गोड बोलून पब वाचला नव्हता, आणि एकदाच तोंड सोडलं तर घरही गेलं होतं.

दार करकरलं. दारात आर्थर उभा होता. मागे आठ जण, ज्या क्रमाने हाकलले गेले त्याच क्रमाने. कुणाचाही पाय उंबऱ्याच्या आत नव्हता.

“आता विचार,” आर्थर म्हणाला.

“काय विचारू?”

“माफीचं. इतके दिवस तुला कुणाला हाकलता येत नव्हतं. तसल्या बाईची माफी घेऊन करायचं काय? आता विचार.”

“सगळ्यांना माफ,” गिलियन नाक पुसत म्हणाली. “या आत.”

ते आले. नॉर्मनने मेणबत्त्या विझवल्या, बाकीच्यांनी उशा कोपऱ्यात फेकल्या. गिलियनने नऊ ग्लास भरले, पण निम्मा फेस जमिनीवर सांडला.

“फार उशीर केलात, काका,” ती म्हणाली. “मंगळवारी तो टाळं लावायला येतोय.”

नऊ चेहरे तिच्याकडे वळले. त्यांतल्या एकावरही थट्टेचा मागमूस नव्हता.

“येईल कसा?” आर्थर म्हणाला. “त्याला बंदी आहे ना.”