आधी त्याला ऐकवायचं

पहिली घंटा झाली आणि सहदेवभाऊ मेकअपच्या खोलीत शिरले. मागोमाग त्यांचा माणूस मिथुन आला आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. मधुकरने हातातला चहा खाली ठेवला, कारण कपबशी वाजायला लागली होती. विडंबनगीतं गाण्यात त्याचा जन्म गेला होता, वय सत्तरीपलीकडे. पण गाणं ऐकून बिल्डर स्वतः भेटायला आला, असं आजवर कधी झालं नव्हतं.

बाहेर मुलुंडचं ते नाट्यगृह भरलं होतं, आणि तेही कॉलेजच्या पोरांनी. कॅसेटी गेल्या, त्या ऐकणारेही बरेचसे गेले. मोबाइलने मात्र मधुकरला खड्ड्यातून उकरून काढलं. बिल्डरांची टर उडवणारं त्याचं अंगाईच्या चालीवरचं जुनं गाणं या पोरांना तोंडपाठ होतं. मागच्या आठवड्यात त्याच गाण्याचं एक नवं कडवं मोबाइलवर आलं आणि बघता बघता घाटकोपरपासून बोरिवलीपर्यंत पसरलं. आवाज हुबेहूब मधुकरचा. फक्त मधुकरने ते गायलंच नव्हतं.

ते केलं होतं गंधालीने. त्याच्या साथीला कीबोर्ड वाजवणारी ही मुलगी आता कोपऱ्यात वायरचा गुंता सोडवत बसली होती, आणि वायरला गुंता नव्हताच. कॉम्प्युटरवर त्याचा आवाज बनवून तिने गंमत म्हणून कडवं रचलं, मैत्रिणीला पाठवलं, आणि वाट लागली. काल तिने रडत रडत कबूल केलं होतं. विक्रोळीची तिची चाळ भाऊंनीच पाडली होती. आईबाप भाड्याच्या खोलीत, भाऊंनी कबूल केलेल्या नव्या घराची वाट बघत होते. तिचं नाव कळलं तर ते घर गेलंच म्हणून समजा. आणि घरावरच भागलं तर नशीब.

भाऊंनी खुर्ची ओढली, मोबाइल काढला आणि कडवं वाजवलं.

*खड्डा खणला, नारळ फोडला, पुढचं काही आठवेना,*
*भाऊंच्या त्या टॉवरवरती कावळासुद्धा बसेना.*

"हे तुमचं?" भाऊंनी विचारलं.

"आवाज माझाच आहे," मधुकर म्हणाला.

भाऊ चिडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे लहानपणीची आठवण सांगायला लागले. मधुकर एकदा त्यांच्या घरी आला होता, पेटी घेऊन. भाऊंच्या वडिलांवर, अण्णांवर, त्याने गाणं केलं होतं, आणि अण्णांसमोर मांडी घालून ते त्यांनाच ऐकवलं होतं. अण्णा पोट धरधरून हसले, तेव्हा कुठे ते गाणं स्टेजवर गेलं. सगळ्या मुंबईला ठाऊक असलेली ही मधुकरची रीत. ज्याच्यावर गाणं, त्याला आधी ऐकवायचं. तो हसला तर गायचं, नाही हसला तर फाडून टाकायचं.

"माझ्याकडे तुम्ही आला नाहीत," भाऊ म्हणाले. "म्हणजे हे तुमचं नाही. मग कोणाचं, मधुकाका?"

आयुष्यभर ज्या रीतीने मधुकरला वाचवलं, तिनेच आज त्याला पुरतं पकडलं होतं. गंधालीच्या हातून वायर सुटून फरशीवर पडली. भाऊंची नजर सावकाश तिकडे वळायला लागली.

"तब्येत बरी नव्हती," मधुकर घाईघाईने म्हणाला. "गाणं अर्धंच झालं होतं. ते अर्धंच कुणीतरी फोडलं. पुरं झालं की येणारच होतो मी."

"मग पुरं ऐकवा."

आता आली का पंचाईत. नवा शब्द सुचून मधुकरला किती वर्षं झाली होती, त्याचं त्यालाच ठाऊक. शिळ्या कढीला ऊत आणून तो दिवस काढत होता, आणि पोरं तिलाच ताजी म्हणत होती. त्याने पेटी पुढे ओढली. एक साधंसं, गुळगुळीत कडवं गावं, भाऊंना गुदगुल्या होतील असं, असं मनात आलं. पण तसल्या कडव्यावर भाऊंचा विश्वास बसला नसता. हा माणूस अण्णांचा मुलगा होता, लहानपणी त्याने खरा माल ऐकलेला होता. मधुकरने डोळे मिटले आणि बोटं पट्ट्यांवर ठेवली.

*भाऊंच्या घराची वाट बघत म्हातारा गेला देवाघरी,*
*देव म्हणाला, ये रे बाबा, इथली तारीख तरी खरी.*

त्याने डोळे उघडले. गंधाली त्याच्याकडे वेड्यासारखी बघत होती. भाऊंचा चेहरा हलला नाही, ओठाचा कोपराही नाही.

हसला तो मिथुन. फिस्सकन, एकदाच, नाकातून. लगेच त्याने तोंडावर हात दाबला, पण हसू खोलीत सांडून गेलं होतं.

भाऊंनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. बाहेर दुसरी घंटा झाली, पोरांनी शिट्ट्या मारल्या.

"तुमचंच आहे," भाऊ शेवटी मधुकरला म्हणाले. खुर्ची सारून ते उठले आणि मिथुनच्या अंगावरून, त्याला स्पर्श न करता, बाहेर निघून गेले.

मधुकरने पेटीचा भाता बंद केला. मिथुन अजून दारातच उभा होता. त्याने भाऊंच्या मागून जायचं होतं, आणि त्याचा पाय उचलत नव्हता.