चौथं माप

बायको गेल्यावर, तिनं विणून ठेवलेले स्वेटर तो ऑनलाइन दुकानात विकायचा. भाच्यानं बनवून दिलेल्या टूलमधून त्या दुपारी त्यानं निळ्या स्वेटरची तीन मापं पाठवली: लहान, मध्यम, मोठं. उत्तर आलं, "चार मापं जोडली."

चौथ्यात उजवी बाही तेवीस इंच होती, डावी बावीस.

लहानपणी हात मोडल्यापासून त्याला डावी बाही इंचभर आखूड लागायची. हे तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्यानं ते माप काढून टाकलं. ते परत आलं. त्यानं भाच्याला फोन लावला.

"मामा, टूल मनानं काही घालत नाही हो. तुमच्याच लॉगिनवरून आलंय. मामीचंही तेच होतं ना?"

फोन ठेवून त्यानं पुन्हा पाहिलं. चौथ्या मापापुढे आता लिहिलं होतं, "विणणं चालू आहे."

आतल्या खोलीतून सुयांची टिकटिक येऊ लागली. वर्षभरात घरात दुसऱ्या कुणाचा आवाज झाला नव्हता. तो उठला नाही, नुसता ऐकत बसला.

मग सुया थांबल्या. बाही अंगाला लावून बघायला हाक मारण्याआधी ती अशीच थांबायची.